जोडीने यावे, अटी लागू

टायवाला माणूस आमच्या दुकानात शिरणं हीच मुळात बातमी होती. त्यातून या टायवाल्याच्या चकचकीत काळ्या बुटाला ताजं शेण लागलेलं.

दारव्ह्याच्या बसस्टँडसमोर गुलाम नबी चाचांचं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. मी, मोनाली, तिथं टायपिंग करायची. दोन हजार नऊचा ऑगस्ट होता. बाहेर भुरभुर चालू होती, लाइट नुकतीच आली होती आणि मी कुणाच्या तरी बारशाची पत्रिका लावत बसले होते. त्यानं काउंटरवर एक गुलाबी कुपन ठेवलं. अगदी हळूच ठेवलं. रागावलेली माणसं सहसा आपटतात. हा हळू ठेवत होता, म्हणजे राग मोठा असणार.

"हे आपल्याकडे छापलं आहे?" भाषा कशी, इस्त्री केलेली.

"हो."

"टाइप कोणी केलं?"

"मी."

"आपण कधी जोडपं पाहिलं आहे का, मॅडम?"

मी मान वर केली. असले प्रश्न विचारणाऱ्याला चाचा आतून स्टेपलर फेकून मारतात. पण विचारताना तो इतका रडवेला दिसत होता, की मी नुसतं म्हटलं, "म्हणजे?"

"मी संघदीप भगत. यवतमाळ रोडवरच्या हिरवळ रिसॉर्टचा मॅनेजर. आज सकाळी नऊ वाजता हे कुपन घेऊन आमच्या गेटवर एक जोडी आली. एकाचं नाव लाल्या. दुसऱ्याचं सरदार."

"दोघं पुरुष?"

"दोघं बैल."

मी कुपन उचललं. माझंच टायपिंग, ओळखीचं. 'आनंदाचा एक दिवस, खास जोडीसाठी! तलावात मनसोक्त डुंबा. दोन वेळचे पोटभर खाणे. खास सजावट. आठवणीचा फोटो. मुदत ३१ ऑगस्ट. जोडीनेच यावे. अटी लागू.'

आता खरं सांगते, चूक कशी झाली. बियाण्याच्या कंपनीकडून, नागपूरहून, मजकूर इंग्रजीत आला होता, मराठी करायचं काम माझं. मी आधी व्यवस्थित 'जोडप्यांसाठी' लिहिलं होतं. पण आमच्या जुन्या फॉन्टमध्ये त्यातला 'प्यां' फुटायचा. छापून आलं की 'प' एकीकडे आणि 'या' भलतीकडे. मग मी 'जोडीसाठी' करून टाकलं. 'पोहण्याचा तलाव' ओळीत मावेना, म्हणून नुसता 'तलाव' ठेवला. हे कुपन कुणाला मिळणार होतं? कापसाच्या बियाण्याच्या थैलीवर काढलेल्या सोडतीत ज्यांचा नंबर लागला, त्या वीस शेतकऱ्यांना. कधी? पोळ्याच्या तोंडावर. आमच्याकडे जोडी म्हटली की माणूस आधी गोठ्याकडे बघतो. डुंबणं, खाणं, सजावट, फोटो... बैलांचा पोळा याहून वेगळा काय असतो?

मला हसू आवरेना. तोंडावर ओढणी धरली, तरी खुर्ची हलायला लागली.

"हसून काहून राह्यल्या तुम्ही?" तो एकदम ओरडला. "माही नोकरी जाऊन राह्यली इथं!"

आणि मग स्वतःच दचकला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. नागपूरच्या हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजात तीन वर्षं घोटलेली भाषा एका दमात गळून पडली होती आणि आतून कळंबचा पोरगा बाहेर आला होता. तो मला आवडला. उगीच लांबण कशाला लावू? तिथंच, त्याच क्षणी, शेणाच्या बुटासकट आवडला.

पण नोकरीचं ऐकून माझं हसू थांबलं. मी त्याला स्टूल दिलं, चहा सांगितला. हकिगत अशी होती. रिसॉर्ट नवा, मालक वामनराव जुन्या वळणाचे. त्यांनी संघदीपला स्पष्ट सांगितलं होतं, की मुदतीच्या आत वीसच्या वीस कुपनं वापरली गेली आणि माणसं खूश होऊन गेली, तर नोकरी पक्की. नाही तर एक सप्टेंबरला सामान बांध. मग पुण्यातल्या एका हॉटेलचं बोलावणं घेण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं. आजपर्यंत किती आली होती? एकही नाही. पहिलं आलं ते बाबारावांचं, लाल्या-सरदारसह, आणि चौकीदार सेवादासनं त्यांना काठी उगारून गेटवरून हाकललं. संघदीप धावत बाहेर येईपर्यंत बाबाराव निघून गेले होते. गेटवर फक्त शेण उरलं होतं.

"आज आठवडी बाजार हाय," मी म्हटलं. "बाबारावनं आतापर्यंत अख्ख्या बाजाराले सांगतलं असंन, का कुपन बोगस हाय."

त्यानं डोकं धरलं. सांगायची गोष्ट अशी, की त्या वर्षांमध्ये कापसाच्या थैलीसोबत वचनं पुष्कळ मिळायची. अळी येणारच नाही, एकरी इतकं होईलच, चार रंगांत छापलेलं असायचं सगळं. छापील कागदाला माणसं घाबरायला शिकली होती. त्यांच्या हातात मी आणखी एक फसवा कागद दिला होता, आणि तोही स्वतःच्या हातानं टाइप केलेला. याचं मात्र मला मनापासून वाईट वाटलं.

"चूक माही हाय," मी म्हटलं. "दुरुस्त म्याच करीन. यादी द्या."

"कसली?"

"वीस नावांची. परवा रविवार. घरोघरी जाऊ."

तो माझ्याकडे बघत राहिला. चहाचा कप हातात तसाच. "आपण... दोघं?" त्यानं इतक्या हळू विचारलं, की मला उगाच बारशाच्या पत्रिकेत डोकं घालावं लागलं.

रविवारी त्यानं मोटरसायकल आणली होती आणि मागची सीट रुमालानं पुसून ठेवली होती. मी चाचांची लुना काढली. ओळख दोन दिवसांची, दारव्हा गाव एवढंसं, आणि शिवाय मुलगी लगेच मागे बसली म्हणजे भाव राहत नाही.  तो आठ किलोमीटर माझ्या लुनाच्या वेगानं मोटरसायकल चालवत राहिला. मध्ये दोनदा त्याची गाडी त्या वेगानं बंद पडली. दोन्ही वेळा म्हणाला, "पेट्रोलमध्ये कचरा असेल."

"दोनदा?"

"लय कचरा असते आजकाल."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाची पऱ्हाटी गुडघ्याएवढी उभी होती. पाऊस ओढ देत होता त्या साली, तरी परवाच्या भुरभुरीनं पानं धुवून निघाली होती. मी समोर बघत होते आणि तो माझ्याकडे बघत नसल्याचं दाखवत होता.

बाबाराव ओट्यावर बसले होते. संघदीपला बघताच त्यांनी तोंड फिरवलं. मी पाया पडले, चूक कबूल केली, फॉन्टचं सगळं रामायण सांगितलं.

"नवरा-बायकोले कोण जोडी म्हणते?" बाबाराव गुरगुरले. "जोडी म्हंजे जोडी!"

आतून त्यांच्या बायकोचं, रुखमाबाईंचं, हसू ऐकू आलं. मग मी माझं अस्त्र काढलं. मला लहानपणापासून बारीक अक्षर वाचायची खोड आहे. बिस्किटाच्या पुड्यावर 'एकावर एक' लिहिलं असेल तर मी आधी तारीख बघते. आणि मिळालेली वस्तू अर्धवट वापरणं मला पानात टाकून उठल्यासारखं वाटतं. मी ओट्यावर मांडी घातली आणि कुपन कसं वसूल करायचं ते सांगायला लागले. आधी फोन करून जागा धरायची, आयत्या वेळी गेलं की कोपरा मिळतो. सकाळी नऊला हजर व्हायचं आणि सहाला निघायचं, कारण दिवस म्हणजे नऊ ते सहा, हे मागच्या बाजूला बारीक लिहिलंय. दोन वेळचं खाणं म्हटलंय, पण सकाळचे चहा-पोहे त्यात धरत नाहीत, ते वेगळे मिळतात. लाजून गप्प बसलं तर मिळत नाहीत, मागावे लागतात. बारा वर्षांखालच्या नातवंडाला पैसे नाहीत. फोटोचा आकार कुठंच लिहिलेला नाही, तेव्हा मोठा मागायचा, चौकटीसकट. आणि शेवटच्या आठवड्यावर ढकलायचं नाही, सगळे तेव्हाच येतात.

"चौकटीसकट?" संघदीप माझ्या कानाशी कुजबुजला. "मॅडम, तुम्ही कोणाच्या बाजूनं हाय?"

"कुपनाच्या."

तो हसला. चांगलं हसायचा, डावीकडून सुरुवात करून. मी पुढचा मुद्दा विसरले.

रुखमाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "पोरी, तू सांगतं ते खरं असंन," त्या म्हणाल्या, "पण आता या वयात म्या यायच्यासंगं जोडीनं फिराले जाऊ? गाव हसंन ना, माय. आन् दुसरं सांगू? ज्या दारातून माह्या लाल्या-सरदारले काठी दाखवली, त्या दारात म्या कायले जाऊ?"

मी कुपन उलटंपालटं करून पाहिलं. बारीक अक्षरातही याला तोड नव्हती.

त्या दिवशी आणि पुढच्या दोन दिवसांत आम्ही अकरा घरं केली. सगळीकडे थोड्याफार फरकानं हेच. पुरुष म्हणायचे बोगस, बाया म्हणायच्या लाज वाटते. तिसऱ्या दिवशी आम्ही फाट्यावरच्या टपरीवर चहा घेत बसलो. संघदीपनं टाय सोडून खिशात कोंबला होता. बशीत चहा ओतून त्याकडे बघत तो म्हणाला, "पुण्याला हो म्हणून कळवतो आता."

  आठवड्यापूर्वी ज्याचं नाव मला ठाऊक नव्हतं, तो पुण्याला जाणार म्हटल्यावर मी माझा चहा तसाच खाली ठेवला. याला जाऊ द्यायचं नाही, एवढंच डोक्यात घुमत होतं. आणि तेवढ्यात समोरून एक बैलगाडी गेली. पुढे माणूस, मागे त्याची बायको, डोक्यावर पदर, दोघांच्या मध्ये चाऱ्याची पेंढी. जोडीनंच चालले होते की! आणि कुणीही हसत नव्हतं.

"तुमच्या रिसॉर्टच्या मागे पाझर तलाव हाय ना?" मी विचारलं.

"हाय. काहून?"

"बैल बोलवा."

"काय?"

"कुपनावर काय लिवलं हाय? जोडी. मंग जोडी येईन. दोन्ही जोड्या येतीन! बैलाईसंगं आली तर बाईले लाज नाई. ती बैलाईची पूजा कराले आली. नवऱ्यासंगं फिराले थोडीच आली?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मालक मारंन मले."

"मारू द्या. पुण्याले जाऊन तरी काय करसान?"

हे मी जरा जास्तच पोटतिडकीनं म्हणाले असेन. कारण त्याच्या हातातली बशी कलली आणि चहा त्याच्या पँटवर सांडला, आणि त्याला ते बराच वेळ कळलं नाही.

पण आधी लाल्या-सरदारची माफी मागणं भाग होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. लोणी-हळद लावतात, पळसाच्या पानानं वर्षभराचं जू उतरवतात, आणि मग बैलांपुढे वाकून 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हणत त्यांना जेवायचं आवतन देतात. संध्याकाळी चार वाजता संघदीप बाबारावांच्या अंगणात उभा राहिला. पूर्ण पोशाखात. टायचं टोक शर्टाच्या दोन बटणांच्या मध्ये खोचलेलं. त्यानं बाह्या वर केल्या, बाबारावांच्या हातून लोण्याची वाटी घेतली आणि लाल्याच्या खांद्याला हात लावला.

"जोरानं," बाबाराव ओट्यावरून म्हणाले. "हॉटेलातली भांडी पुसून राह्यला का?"

त्यानं जोरानं चोळलं. घाम कपाळावरून नाकावर आला. सरदारनं मान वळवून त्याचा कान चाटला, तो शहारला, पण हात थांबवला नाही. मग त्यानं दोघांपुढे हात जोडले. तोंड अगदी गंभीर.

"आज आवतन घ्या," तो म्हणाला, आणि जरा अडखळला, "तीस तारखेले जेवाले या. गेटवर म्या स्वतः उभा राहीन."

बाबारावांनी ओट्यावरून उतरून लाल्याचा खांदा चाचपला. मग खाकरले. "रुखमे," त्यांनी हाक मारली, "तीस तारखेले कोन्ता वार हाय व?"

"रविवार," आतून लगेच उत्तर आलं. त्या बाईंनी कॅलेंडर आधीच बघून ठेवलं होतं.

मी दाराशी उभी होते. लोण्यानं बरबटलेल्या हातांनी तो माझ्याकडे वळला आणि हसला, डावीकडून सुरुवात करून. मला त्या क्षणी लाल्याचा हेवा वाटला. झालं, सांगून टाकलं.

बाबारावांनी ज्या तोंडानं बाजारात कुपन बोगस ठरवलं होतं, त्याच तोंडानं पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली सगळ्यांना सांगितलं, की मॅनेजर घरी येऊन खांदे शेकून गेला. बस. आम्हाला आणखी एकाही घरी जावं लागलं नाही.

तीस ऑगस्टला सकाळी साडेआठपासून यवतमाळ रोडवर घुंगरं वाजायला लागली. शिंगांचा पोळ्याचा रंग अजून ताजा होता. लाल, हिरवा, सोनेरी, वर बेगड. एकामागून एक गाड्या. काहींनी बैल गेल्या दोन वर्षांत विकले होते, त्यांनी शेजाऱ्याची जोडी मागून आणली होती. गेटवर संघदीप उभा, शेजारी सेवादास, आज काठीऐवजी हातात ओवाळायचं ताट घेऊन. पहिली गाडी बाबारावांची. नऊ वाजता, माझ्या सांगण्याप्रमाणे, मिनिटाचाही उशीर नाही. उतरताच रुखमाबाई म्हणाल्या, "पोहे कुठी हायेत? कुपनात धरत नाई म्हणे ते."

बैल मागच्या तलावात उतरले आणि माणसं पुढच्या. बाया पायऱ्यांवर बसून पाण्यात पाय सोडत होत्या, आधी पोटऱ्यांपर्यंत, मग गुडघ्यांपर्यंत, मग कुणीतरी कुणाला ढकललं आणि काठावर एकच गलका झाला. अकरा वाजता वामनरावांची जीप आली. त्यांनी हिरवळीवरचं शेण पाहिलं आणि त्यांचा आवाज आधी चढला, मग चिरकला.

"हे काय हाय, भगत? हे रिसॉर्ट हाय का गोठा?"

"सर, एकोणीस जोड्या आहेत," संघदीप म्हणाला. घाबरल्यामुळे पुन्हा इस्त्रीची भाषा. "म्हणजे... अडतीस पाहुणे. आणि बैल."

वामनराव पुढं बोलणार, तोच रस्त्यावर ब्रेकचा आवाज झाला. नागपूरहून आलेली एक गाडी थांबली. सजवलेले बैल बघायला लेकरं धावत उतरली. मग दुसरी गाडी, मग यवतमाळकडून आलेली जीप. लेकरांना बैलांपासून हलवता येईना, म्हणून आईबापांनी जेवण मागवलं. एक वाजेपर्यंत एकही टेबल रिकामं नव्हतं. रुखमाबाईंनी बैलांसाठी करून आणलेल्या पुरणपोळीतली एक वामनरावांच्या हातात ठेवली. त्यांनी ती उभ्यानंच खाल्ली, आणि त्यांचा आवाज जो उतरला, तो संध्याकाळपर्यंत चढला नाही.

फोटोची वेळ आली. बाबाराव आणि रुखमाबाई असे उभे राहिले, की मध्ये तिसरा माणूस सहज मावावा. फोटोवाला म्हणाला जवळ सरका, तर दोघंही आपापल्या जागी आणखी ताठ झाले. मग संघदीपनं लाल्याला एका बाजूनं आणलं, सरदारला दुसऱ्या बाजूनं. बैल आत सरकले तशी माणसंही सरकली. रुखमाबाईंचा खांदा बाबारावांच्या दंडाला टेकला. त्यांनी पदर सावरला, पण खांदा काढला नाही.

"तीस वर्सं झाले लग्नाले," त्या मला नंतर म्हणाल्या, "पयला फोटू हाय, माय." आणि डोळे पुसून लगेच संघदीपकडे वळल्या, "मोठा पाह्यजे बरं. चौकटीसकट."

पाच वाजता गाड्या परतायला लागल्या. वामनरावांनी रजिस्टर मागवलं. बोट फिरवत मोजलं. "एकोणीस," ते म्हणाले. पोटात पुरणपोळी असली तरी माणूस शब्दाचा पक्का. "म्या वीस म्हणलं होतं. उद्या शेवटचा दिवस. पाहा."

संघदीपचा चेहरा पडला. विसावं कुपन कुणाचं? यादी पुन्हा मोजली, तर तिच्यात नावं एकोणीसच होती. बियाण्याच्या दुकानदारानं एक कुपन हातचं राखून कुणाला तरी भेट दिलं होतं. कुणाला, ते त्यालाही आठवत नव्हतं.

आणि तेवढ्यात फाटकातून लुना फटफटत आली. गुलाम नबी चाचा. बैल बघायला आले होते. "बेटा, तू पंधरा दिवसापासून कुपन कुपन करून राह्यली, तं मले आता याद आली," म्हणून त्यांनी टोपीतून घडी केलेला गुलाबी कागद काढला. "छपाईच्या टायमाले दुकानदारानं दिलतं. तुही चाची फरीदा म्हणे, आपले रोजे चालू, दोन वेळचं खाणं आपल्याले कायच्या कामाचं? तूच वापर."

"चाचा, पण हे जोडीसाठी हाय! एकटीले चालत नाई."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मग संघदीपकडे पाहिलं, मग लुनाला किक मारली. "मले इफ्तारले जायचं हाय, बाप्पा. तुमचं तुम्ही पाहा."

हिरवळीवर आम्ही दोघंच उरलो. उन्हं उतरली होती. सेवादास लांब कुठेतरी शेण भरत होता. संघदीपचा टाय ओला, शर्टावर हळद, आणि कानाला, त्याच कानाला, बेगडाचा एक सोनेरी तुकडा चिकटलेला. माझ्या हातात कुपन. दोघांनीही ते पाहिलं आणि दोघांनीही दुसरीकडे पाहिलं.

"उद्या... शेवटचा दिवस," तो म्हणाला.

"हाओ."

"पुण्याहून फोन आलता सकाळी."

"काय म्हणलं तुम्ही?"

"नाई म्हणलं." त्यानं ओल्या टायची गाठ सैल केली. "वीस होवो का एकोणीस होवो. नोकरी दुसरीकडे पाहीन, पण... दारव्ह्याच्या आसपासच पाहीन."

 मग त्यानं काय केलं, तर माझ्यासमोर उभा राहिला, लाल्या-सरदारपुढे राहिला होता तसाच, आणि हात जोडून वाकला.

"मोनाली," तो म्हणाला. मॅडम नाही, मोनाली. "आज आवतन घ्या... उद्या जेवाले या."

मला रडू आणि हसू एकदम आलं. "खांदे शेकायचे राह्यले," मी कसंबसं म्हटलं.

"जन्मभर शेकीन."

"जोडीनंच यावं लागते. अट हाय."

"ती अट कोनं टाइप केली?"

"म्याच."

"मंग निभवा आता."

निभवली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी गेटवर, आणि माझ्या शेजारी संघदीप, एक दिवसाची रीतसर रजा टाकून, टायशिवाय. काउंटरवर वामनराव स्वतः बसले होते. त्यांनी आम्हाला वरून खालपर्यंत पाहिलं.

"भगत, तू इथला नोकर. तुले कुपन चालत नाई."

"कुठी लिवलं हाय?" मी विचारलं.

त्यांनी कुपन पुढून वाचलं, मागून वाचलं, चष्मा लावून वाचलं. नसलेली अट किती वेळ शोधणार? 'जोडीनेच यावे' एवढंच होतं, आणि आम्ही जोडीनं आलो होतो. शेवटी त्यांनी रजिस्टर ओढलं, विसाव्या ओळीवर आमची नावं शेजारी शेजारी लिहिली, आणि हसले. "भगत, उद्या लवकर ये. पुन्हा रजा घेतली तं पगार कापीन." म्हणजे नोकरी पक्की! संघदीपनं काउंटरवर एवढ्या जोरात हात मारला की घंटी खाली पडली.

आम्ही ते कुपन पुरेपूर वसूल केलं. पोहे मागून घेतले. दोन्ही जेवणं भरपेट जेवलो, गोड दोनदा घेतलं. तलावाच्या काठी पाण्यात पाय सोडून बसलो, आणि पाण्याखाली त्याचा पाय माझ्या पायाला लागला तेव्हा कुणीच पेट्रोलमधल्या कचऱ्याचं कारण दिलं नाही. फोटो मोठा काढला, चौकटीसकट. सहाला पाच मिनिटं असताना मी घड्याळ दाखवलं. "मुदत संपून राह्यली."

"कुपनाची," तो म्हणाला आणि माझा हात धरला. तो त्यानं सहा वाजून गेले तरी सोडला नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये आमची पत्रिका मीच टाइप केली. चाचांनी तोवर नवा फॉन्ट आणला होता. मी मुद्दाम 'जोडप्यांसाठी' लिहून छापून पाहिलं. 'प्यां' अगदी सुबक आला, जागच्या जागी. मी तो पुसला, आणि पत्रिकेच्या तळाशी, बारीक अक्षरात लिहिलं : 'टीप : जोडीने यावे. कोणतीही जोडी चालेल.'

लग्नाच्या दिवशी कार्यालय पाहुण्यांनी भरलं होतं. मी बौद्ध रीतीप्रमाणे पांढऱ्या साडीत, संघदीप सुटात, हार हातात घेऊन उभे. आणि गेटवर गडबड उडाली. कार्यालयाचा चौकीदार काठी घेऊन धावला होता. त्याच्यासमोर बाबाराव आणि रुखमाबाई, हातात आमची पत्रिका, आणि मागे लाल्या आणि सरदार, शिंगं नव्यानं रंगवलेली, गळ्यात झेंडूच्या माळा.

संघदीपनं हार माझ्या हातात दिला, स्टेजवरून उडी मारली, आणि सगळ्या वऱ्हाडादेखत, टाय खांद्यावर उडत, गेटकडे धावला.

"थांब! काठी खाली ठेव!" तो ओरडला. "पाहुणे हायेत ते माहे. येऊ दे, आत येऊ दे!"